स्वस्तातला हँड ब्लेंडर
आज अख्खी दुपार हँड ब्लेंडर बघण्यात गेली. बॉक्सवर वॅटचे आकडे असे की वाटावं घरी सिमेंट कालवायचंय 😄 अहो सूप-प्युरीला ४००-५०० वॅट रग्गड झाले, बघायचं ते खालच्या दांड्याकडे, प्लास्टिकचा असेल तर गरम पातेल्यात घालायला माझं तरी मन धजत नाही, स्टीलचाच हवा आणि तोही फिरवून सुटा होणारा, नाहीतर धुताना मोटरमध्ये पाणी जायची धाकधूक. पात्यावरच्या टोपीला खाचा आहेत ना तेही बोट फिरवून बघितलं, खाचा नसल्या की ते तळाला चिकटून बसतं. टर्बो बिर्बो सगळी शोभा. आणि हो, बऱ्याच मॉडेल्सच्या मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतं, सलग मिनिटभरच चालवा, मग मोटर थंड होऊ द्या. साधा दोन स्पीडवाला घेतला, चॉपरवाला सेट सोडला, ठेवायला जागा कुठंय!