तुझ्या मुखात माझी वचने

शाळेत प्रार्थनेनंतरचा पहिला तास शास्त्राचा, म्हणजे बायबलचा असे. आमच्या बाई यिर्मया या संदेष्ट्यापाशी आल्या की पुढे सरकतच नसत, आणि आज मला ते अगदी योग्य वाटतं. यशया या दुसऱ्या संदेष्ट्याला देवाने केलेलं पाचारण भव्य आहे: धुराने भरलेलं मंदिर, सराफीम म्हणजे पंखधारी स्वर्गीय जीव, ओठांना लावलेला निखारा, आणि लगेच "हा मी आहे, मला पाठव." यिर्मयाच्या वाट्याला असलं काही आलं नाही. यरुशलेमेहून तासा-दीड तासाच्या चालीवरचं अनाथोथ, याजकांचं घर, योशीया राजाच्या कारकिर्दीचं तेरावं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ६२७ च्या सुमाराचा काळ. तू जन्मण्याआधीच मी तुला नेमलं, असं परमेश्वर सांगतो. आणि हा म्हणतो, मला बोलता येत नाही, मी केवळ बालक आहे. मागच्या बाकांवरच्या आम्हा मुलींना हा संदेष्टा तिथेच आपला वाटला.

परमेश्वर त्याचं वय मोजत बसत नाही. हात पुढे करून त्याच्या मुखाला स्पर्श करतो आणि म्हणतो, पाहा, मी आपली वचने तुझ्या मुखात घातली आहेत. बाई फळ्यावर त्याचं काम लिहीत: उपटणे, पाडणे, नाश करणे, उद्ध्वस्त करणे, बांधणे, लावणे. चार मोडण्याची, दोनच उभारण्याची. असा निरोप नेणाऱ्याचं पुढे काय होणार, हे नववीच्या वर्गालाही कळत होतं. झालंही तसंच. अनाथोथची त्याची स्वतःची माणसंच जिवावर उठली. आता परमेश्वराच्या नावाने बोलायचंच नाही, असं त्याने ठरवलं, तर ते वचन हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखं जाळू लागलं.

मी पुढे न्यायालयात लघुलेखक झाले, म्हणून यिर्मयाच्या पुस्तकाचा छत्तिसावा अध्याय माझा विशेष जिव्हाळ्याचा. यिर्मया तोंडी सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईने ग्रंथपटावर, म्हणजे गुंडाळीवर उतरवतो. नववा महिना, थंडीचे दिवस. यहोयाकीम राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलाय. तीन-चार रकाने वाचून झाले की तेवढा भाग चाकूने कापायचा आणि शेगडीत टाकायचा. अख्खा पट जळेपर्यंत हेच. ऐकणाऱ्यांपैकी कोणी घाबरलं नाही, कोणी दुःखाने वस्त्रं फाडली नाहीत. लिहिलेला मजकूर गेला की अंगातलं बळच जातं, हे माझ्या कामातल्या कुणालाही विचारा. यिर्मयाने दुसरा पट घेऊन बारूखाला दिला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि तशाच आणखी पुष्कळ वचनांची त्यात भर पडली. बोलता येत नाही म्हणणाऱ्या मुलाचं हे तोंड! बाईंनी हा भाग वाचला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

आजच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे. यिर्मया शिकवताना पहिल्या अध्यायावर थांबू नका. छत्तिसावाही वाचून दाखवा, एका बैठकीत, मोठ्याने.