विहिरीच्या पाण्यातलं तणनाशक तपासताना: माझा अनुभव

येवला तालुक्यात आमचा मका आहे आणि बांधालगतच पिण्याच्या पाण्याची विहीर. वर दीड-दोन फूट माती, खाली मुरूम. मका पेरला की उगवण्याआधी अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारतात, म्हणजे ऐन मोठ्या पावसाच्या तोंडावर. हे औषध मातीला घट्ट चिकटत नाही, पाझराबरोबर खाली उतरतं. घरात तान्हं बाळ आलं तेव्हा पाणी तपासायचंच ठरवलं.

ग्रामपंचायतीमार्फत नमुना दिला. अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. पीएच, नायट्रेट, फ्लोराइड, जिवाणू सगळं होतं, तणनाशकाचा रकानाच नव्हता! नेहमीच्या तपासणीत ते बघतच नाहीत.

निफाडला मामेभावाची द्राक्षबाग आहे, माल युरोपला जातो, त्यामुळे रेसिड्यू टेस्ट, म्हणजे औषधाचा अंश उरलाय का याची तपासणी, त्याला नवी नाही. तो म्हणाला, “दादा, नुसतं पाणी तपासा म्हणू नको. औषधाचं नाव लिहून दे.”

मग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबना फोन केले. पाण्यातलं अ‍ॅट्राझीन तुमच्या मान्यतेत आहे का, आणि किती कमीपर्यंत मोजता? हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात (भारतीय मानक आयएस १०५००) मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. एक लॅब ५ च्या खाली मोजतच नव्हती. तिथून ‘आढळले नाही’ असा कागद आला असता तर त्याचा काय उपयोग?

दुसऱ्या लॅबने तपकिरी काचेची बाटली पाठवली, कारण नमुन्याला ऊन लागू द्यायचं नसतं. चांगले दोन पाऊस होऊ दिले, मोटर बराच वेळ चालवली, बाटली गळ्यापर्यंत भरली आणि थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवली. फवारणीची बादली, नरसाळं जवळपासही येऊ दिलं नाही.

अ‍ॅट्राझीन निघालं. आपल्या मर्यादेच्या आत, पण युरोपच्या ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर. तिकडे तर २००४ मध्येच त्याची मान्यता काढून घेतली. तान्ह्या बाळाच्या घरात मला ‘मर्यादेच्या आत’ पुरेसं वाटत नाही.

पाणी उकळून हे जात नाही. पिण्यापुरता अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर बसवलाय. विहिरीभोवतीच्या पट्ट्यात आता फवारणी बंद, तिथे कोळपणी आणि खुरपणी. फवारणीचा पंप धुणंही विहिरीपासून लांब.

यंदा शेजारच्या काकांच्या विहिरीचाही नमुना सोबत देतोय. एकाच पेटीत दोन्ही बाटल्या बसतात, पोचवायचा खर्च निम्मा होतो.