तुम्ही विचारलंत म्हणून: कँटोनीजच का?

दर सुट्टीत पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "हाँगकाँगला इंग्रजीवर भागतं ना? मग कँटोनीज कशाला शिकलीस? शिकायचीच तर मँडरिन शिकायचीस, पुढे कामाला तरी आली असती." (कँटोनीज म्हणजे हाँगकाँगमध्ये बोलतात ती चिनी; मँडरिन ही चीनची राजभाषा.) परवा एका काकांनी विचारलं आणि माझं उत्तर जेवणाच्या गडबडीत अर्धवट राहिलं. ते इथं पुरं करते.

इंग्रजीवर भागतं. पहिली दोन वर्षं माझं भागलंच. ऑफिस, बँक, मॉल, कुठंच अडलं नाही. अडलं ते लाल मिनीबसमध्ये. हिला ठरलेले थांबे फारसे नसतात. उतरायचं असलं की ओरडायचं, "याऊ लॉक, म्गोय!" म्हणजे उतरणारं आहे हो, जरा थांबवा. ड्रायव्हर मागं न बघता एक हात वर करतो, ऐकलं म्हणून. त्या दिवशी धो धो पाऊस, लेक मांडीवर झोपलेली, आणि ते तीन शब्द पाठ असून माझ्या तोंडून फुटेनात. आमची गल्ली खिडकीतून मागं गेली. शेजारच्या आजींनी माझ्याकडं पाहिलं आणि माझ्यासाठी त्यांनी हाक दिली. ड्रायव्हरचा हात वर गेला. पुढच्याच आठवड्यात मी क्लास लावला.

सहा सूर आहेत या भाषेला. 'माय' म्हणजे विकत घेणं आणि 'माय' म्हणजे विकणं, फरक फक्त सुराचा. मंडईतल्या बाईंनी ते माझ्याकडून कितीदा घोटून घेतलं!

ही भाषा हाँगकाँगकरांसाठी काय आहे, ते मात्र सावकाश उमगलं. 1842 साली ब्रिटिशांच्या ताब्यात गेल्यापासून या शहराचं भवितव्य परक्यांनीच ठरवलं. 1974 पर्यंत सरकारदरबारी एकटी इंग्रजी होती, म्हणजे बहुतेकांना आपल्याच नावानं आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. 1997 साली शहर चीनकडे गेलं, तेही दोन सरकारांनी ठरवून. लोकांचा कौल कुणी घेतला नाही. हातात उरली ती घरातली बोली. आजही दहांतली जवळजवळ नऊ माणसं तीच बोलतात. मूलभूत कायदा, म्हणजे इथली राज्यघटनाच, मात्र नुसतं 'चिनी' म्हणतो, कुठली चिनी ते सांगत नाही. 2014 मध्ये शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कँटोनीज अधिकृत भाषा नाही असा मजकूर आला, तेव्हा एवढा गदारोळ झाला की तो काढावा लागला. मला त्या लोकांचा राग अगदी आतून कळला.

पण तोच राग दुकानात मँडरिन बोलणाऱ्या, लेकराची गाडी ढकलत आलेल्या बाईवर निघतो, तेव्हा मला तो पटत नाही. मँडरिनपुढं आपली भाषा मागं पडेल ही धास्ती खरी आहे; ती त्या बाईनं आणलेली नाही.

आपल्या लोकांची गोष्ट आणखी वेगळी. इथं पार्किंगचे पैसे भरायच्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते, तो आपला सराफच. हाँगकाँग विद्यापीठाच्या पहिल्या इमारतीला पैसा देणारे होर्मसजी मोदी मुंबईचे. तरीही घर बघायला गेले तेव्हा एका एजंटनं तोंडावर सांगितलं, मालकांना भारतीय नकोत. 'आचा' ही शिवीही ऐकली आहे. कँटोनीज आल्यानं हे थांबलं नाही. आता मी त्याच भाषेत उलट विचारू शकते, एवढं झालं. इथं जन्मलेली आपली कितीतरी मुलं फडाफडा बोलतात, पण चिनी अक्षरं कच्ची राहिली की चांगल्या नोकऱ्यांची दारं बंद होतात. माझ्या लेकीची अक्षरं मी रोज रात्री गिरवून घेते ती त्याच काळजीनं.

आमच्या मजल्यावर एक फो-फो राहतात, म्हणजे आजी. त्यांच्या नातवाच्या शाळेत चिनीचा तास मँडरिनमधून होतो. तो धडा मोठ्यानं वाचतो; पुस्तकातली अक्षरं त्यांच्या ओळखीची, उच्चार अनोळखी. परवा त्यांनी माझ्या लेकीला दारातच थांबवलं. म्हणाल्या, "संध्याकाळी खेळायला येत जा. त्याच्याशी आपलं बोल, शाळेतलं नको."