कादिसमधली जवळ्याची भजी

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कादिसबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे. फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलेलं, सुमारे तीन हजार वर्षांचं बंदर, कोलंबसाची १४९३ ची दुसरी सफर, १८१२ ची राज्यघटना. कॅथेड्रलचा पिवळा घुमट तर सगळ्यांच्याच फोटोंत असतो. मी मात्र अडकले तळणीच्या वासात.

तिथे ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ खाल्ले. बारीक कोळंबी सालासकट, कांदा, पार्सली, गव्हाचं पीठ आणि चक्क बेसन! सरसरीत पीठ कडकडीत तेलात सोडतात आणि जाळीदार पापुद्रे काढतात. म्हणजे आमच्या मालवणातली जवळ्याची भजीच की. ना हळद, ना तिखट, त्यामुळे पहिला घास मिळमिळीत लागला. कुरकुरीतपणात मात्र आपण हरतो. बाजारात ही कोळंबी जिवंत, टणाटण उडत असते, हेही कबूल करायला हवं.

मग आला ‘कासोन एन आदोबो’. छोट्या शार्कचे तुकडे, आपल्या मोरीसारखे, लसूण, जिरं, ओरेगॅनो, लाल मिरचीपूड आणि व्हिनेगरमध्ये मुरवून तळलेले. ती मिरची मूळची अमेरिकेची, आणि आपल्या मालवणी मसाल्यातलीही तिथलीच, पोर्तुगीजांनी आणलेली. १७१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापाराचं सरकारी कार्यालय सेव्हिलहून कादिसला आलं आणि शहर गब्बर झालं. जहाजं दिसावीत म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर बांधलेले टेहळणी मनोरे अजून उभे आहेत.

त्याच घरांच्या खाली, अरुंद गल्लीतल्या दुकानांत, भर दुपारी मासे तळले जातात आणि वरच्या बाल्कनीतून कुणी नाक मुरडत नाही. इकडे जर्मनीत मी बांगडे तळले की जिन्यात चिठ्ठी लागते. अगदी नम्र भाषेत, त्यामुळे जास्तच झोंबते. आणि आपण तरी कुठे शहाणे? मुंबईत काही सोसायट्यांत मासे खाता का, हे आधी विचारतात आणि मगच घर दाखवतात. तेही समुद्राकाठच्या शहरात! नवरा म्हणतो, ‘अगं, तिथे ते दुकान आहे, इथे तुझं घर आहे.’ असेल. माझा एक्झॉस्ट फॅन चांगला आहे.

सुका जवळा इथल्या आशियाई दुकानात मिळतो, बेसन तर घरात आहेच. शनिवारी करणार आहे. चिठ्ठी आलीच तर स्पॅनिश पदार्थ आहे म्हणून सांगेन. हळद कोण बघायला येतंय!