कोणाला काय खपत नाही

मालवण, जुलै

मासेमारी ३१ तारखेपर्यंत बंद आहे. होड्या वर ओढून झाकून ठेवल्यात आणि वाडीतली पोरं फोनवर 'बाल्डर्स गेट' खेळत बसलीत. साथीदारांची टोळी, म्हणजे पार्टी, जमवून साहसं करायचा हा गेम १९९८ चा, पण त्याची सुधारित आवृत्ती फोनवर छान चालते आणि लाईट गेली तरी डाव थांबत नाही. प्रत्येकाचा प्रश्न तोच: चांगले आणि वाईट साथीदार एका पार्टीत घेतले तर टिकतात का?

टिकतात. फक्त निवडताना लोक कॅरेक्टर शीटवरची, म्हणजे पात्राच्या माहितीच्या पानावरची, अलाइनमेंटची (वृत्तीच्या लेबलाची) ओळ वाचून निर्णय घेतात, आणि तिथेच गणित चुकतं.

ही अलाइनमेंट आली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेममधून. १९७४ साली तीनच होत्या: लॉ (नियम पाळणारे), न्यूट्रल (मधले), केऑस (नियम न मानणारे). १९७८ पर्यंत त्यात गुड (चांगले) आणि ईव्हिल (वाईट) मिसळून नऊ घरं झाली. दशावतारात काळ्या वेषातला संकासुर आला की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं कोण आलंय. या नऊ घरांतून तेवढं कळत नाही. गेममधले दोन साथीदार घ्या: एडविन लॉफुल ईव्हिल, कगेनही लॉफुल ईव्हिल. कगेन बेरेगॉस्टमध्ये भेटतो. त्याला पैशाशी मतलब, आणि त्याच्या हरवलेल्या काफिल्याचा शोध घ्यायचा असतो. एडविन नॅशकेलला भेटतो आणि पहिल्याच बोलण्यात डायनाहेर नावाच्या बाईला मारायला सांगतो. त्याच नॅशकेलमध्ये मिन्स्क हा आणखी एक साथीदार उभा असतो आणि त्याला तीच डायनाहेर नॉल नावाच्या राक्षसांच्या गढीतून सोडवून हवी असते. दोघं एका गावात, काही पावलांच्या अंतरावर. इथे घाईत दोघांनाही 'हो' म्हटलं की पुढे पार्टीतच तलवारी निघतात. मिन्स्कला हो म्हणून भलतीकडेच भटकत राहिलं तरी तो चिडतो, कारण त्याच्या कामाला मुदत आहे.

म्हणून साथीदाराबद्दल आधी शोधायचं ते हे: त्याला काय खपत नाही आणि कोण खपत नाही. लेबल नंतर.

सुरुवातीलाच याचा सराव होतो. आपल्याला वाढवणारा गोरायन मारला गेल्यावर रस्त्यात झार आणि मॉन्टॅरॉन भेटतात. दोघंही ईव्हिल, आणि झारचं डोकं ठिकाणावर नाही हे पहिल्या चार वाक्यांत कळतं. पुढे फ्रेंडली आर्म इन या सराईत खालिद आणि जहेरा वाट बघत असतात. हे चौघं फार काळ एकत्र राहत नाहीत. तरी झार-मॉन्टॅरॉनला इनपर्यंत बरोबर न्यावं असं माझं ठाम मत आहे. इनच्या पायऱ्यांवर टार्नेश नावाचा जादूगार गाठतो. तो मिरर इमेज करतो (स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करतो), मग हॉरर हा भीतीचा मंत्र टाकतो, आणि पहिल्या लेव्हलची पार्टी सैरावैरा पळू लागते. तिथे दोन जास्तीचे हात असले की फरक पडतो. लढाई सुरू होताच पॉज करायचं आणि सगळ्यांनी एकदम त्याच्यावर बाण सोडायचे: प्रत्येक बाणाला एक प्रतिमा जाते आणि मार बसला की त्याचा मंत्र तुटतो. ते झालं की जोडी बदलायची. जोडी म्हणतोय, कारण खालिदला काढलं तर जहेराही जाते. एकालाच ठेवायचा हिशेब करू नये.

आता रेप्युटेशन, म्हणजे पार्टीची लोकांतली पत. हा आकडा १ ते २० असतो आणि मिश्र पार्टीचं मरण त्यातच आहे. सत्कृत्यं केली, देवळात दान टाकलं की तो चढतो. निरपराध माणूस मारला की धाडकन उतरतो. चढला की दुकानात माल स्वस्त मिळतो, त्यामुळे सगळे तो वर नेत सुटतात. १८ ला पोचला की ईव्हिल साथीदार कुरकुर करतात आणि १९ झाला की निघून जातात. उलट, आकडा अगदी तळाला गेला की चांगले जातात. न्यूट्रल मंडळींना वरच्या टोकाचा त्रास नाही. म्हणून मला पटणारी रचना अशी: आपण, दोन चांगले, दोन न्यूट्रल आणि एकच ईव्हिल. रेप्युटेशन १२ ते १७ मध्ये ठेवायचं. देवळात दान टाकायचं नाही, आणि १६ झाल्यावर बक्षीस म्हणून रेप्युटेशन देणारी कामं जरा मागे ठेवायची. पहिल्या भागात व्हिकोनिया या ईव्हिल साथीदाराला पार्टीत घेतलं की आकडा आपोआप उतरतो, कारण ती ड्राऊ, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या बदनाम जमातीतली, आहे आणि लोक तिच्या जातीला घाबरतात. आकडा फार चढला असेल त्या वेळी तिला घेणं सगळ्यात सोयीचं.

दुसऱ्या भागात (२०००) आकडा सांभाळूनही एक गोष्ट सुटत नाही. केल्डॉर्न आणि व्हिकोनिया. तो लॉफुल गुड, इन्क्विझिटर (जादूगारांशी लढणारा योद्धा). ती ईव्हिल, शार या अंधाराच्या देवीची पुजारीण. आधी टोमणे, मग धमक्या, आणि एक दिवस जंगलाच्या वाटेवर चालता चालता दोघं जीव घेण्यावर येतात. रेप्युटेशन कितीही असो. त्यामुळे पार्टीला कोणाची गरज जास्त, हे आधी ठरवावं. केल्डॉर्नचं डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारी शक्ती) त्याच्या लेव्हलपेक्षा जास्त ताकदीने लागतं आणि त्याला भ्रम मोडणारी ट्रू साइटही आहे, त्यामुळे शत्रूच्या जादूगाराची कवचं क्षणात गळून पडतात. त्याला ठेवलं तर पुजाऱ्याचं काम एअरी किंवा अनोमेनकडे द्यावं. व्हिकोनियाला ठेवलं तर कवचं फोडायला जादूगाराला ब्रीच हा मंत्र पाठ करायला लावावं, तेही दोनदा. माझं मन केल्डॉर्नकडे झुकतं, पण व्हिकोनियाला सोडताना दर वेळी जड जातं. तिचं लिखाण इतकं चांगलं आहे.

अनोमेन वेगळाच. तो लॉफुल न्यूट्रल म्हणून येतो आणि बहिणीच्या खुनानंतर आपण त्याला काय सल्ला देतो त्यावर बदलतो. सूड घेऊ नकोस म्हटलं तर त्याची नाइटपदाची परीक्षा पार पडते आणि तो लॉफुल गुड होतो. सूड घेतला तर नापास, आणि केऑटिक न्यूट्रल. इथे साथीदाराचं लेबल आपल्या हातात असतं. बोलण्यातल्या एका ओळीवर माणूस वळतो हे मला या गेममधलं सर्वांत मोठं काम वाटतं.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) लेबलं नाहीतच. प्रत्येक साथीदाराचं अप्रूव्हल, म्हणजे आपण त्याला किती पटतो ते, -१०० ते +१०० असं मोजलं जातं. गरिबाला फुकट मदत केली की अ‍ॅलिस्टर खूश आणि मॉरिगन नाराज. यावर उपाय भेटवस्तूंचा, पण ज्याची त्याला: अ‍ॅलिस्टरला रेडक्लिफच्या किल्ल्यात सापडणारं त्याच्या आईचं लॉकेट, मॉरिगनला ऑर्झॅमरमधला सोनेरी आरसा. दर भेटवस्तूगणिक परिणाम कमी होतो, म्हणून या खास वस्तू आधी द्याव्यात, किरकोळ वस्तू नंतर. काही ठिकाणी मात्र भेटी चालत नाहीत. कथेतल्या पवित्र अस्थी बाटवल्या तर पार्टीत असलेली विन तिथेच आपल्यावर उलटते. लेलियानाही उलटते, फक्त आधी तिला तिच्या वैयक्तिक कामात कणखर केलं असेल तर नाही. लोघेन या शत्रू सेनापतीला जीवदान देऊन पार्टीत घेतलं तर अ‍ॅलिस्टर जातो, अप्रूव्हल १०० असलं तरी.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) इथे कमीच जण खेळतात. जवळपास १५० जीबी जागा लागते आणि डाउनलोड संपेपर्यंत लाईट किती वेळा जाईल सांगता येत नाही. त्यात गॉब्लिनांची म्होरकी मिन्थारा हिच्यासाठी ड्रुइडांच्या (निसर्गपूजकांच्या) वस्तीवर हल्ला केला की विल आणि कार्लाख हे साथीदार कायमचे जातात. ते टाळायचं तर गॉब्लिन छावणीत पॅसिव्हच्या यादीतलं नॉन-लीथल (जीव न घेणारा मार) चालू करून तिला बेशुद्ध करायचं. शेवटचा घाव हातातल्या शस्त्राचाच हवा. बाण किंवा मंत्राने ती मरते. मग ती पुढे मूनराइझ टॉवर्समध्ये भेटते.

कुठलाही गेम असो, फाटाफुटीची शंका आली की त्या साथीदाराच्या अंगावरची शस्त्रं, चिलखत, अंगठ्या आधी काढून घ्याव्यात. जाणारा अनेकदा अंगावरचं सगळं घेऊन जातो. आणि कोणालाही पार्टीत घेण्याआधी स्वतंत्र सेव्ह करावा, नाव देऊन: 'एडविनच्या आधी', 'व्हिकोनियाच्या आधी'. क्विकसेव्ह पुढच्याच लढाईत पुसला जातो, आणि भांडण पेटतं ते दहा-बारा तासांच्या खेळानंतर.