तुम्ही विचारलंत म्हणून: सड्यावर एवढं काय आहे?

"निसर्गाचं एवढं वेड आहे तर म्हादईच्या अभयारण्यात जा, मोलेच्या जंगलात जा, घरामागच्या सड्यावर काय ठेवलंय?" लग्नात, बसस्टॉपवर, मयताला गेले तरी हेच. आता एकदाच सांगते. सडा म्हणजे आमच्या गोव्यातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार.

मोले मलाही आवडतं हो, पण आई अंथरुणाला खिळलीय, दुपारी तिचा डोळा लागला की मला तासभर मिळतो, त्यात सडाच होतो. आणि खरं सांगायचं तर ग्रुपबरोबर फिरणं मला जमतही नाही. पण अळमी, म्हणजे रानातली अळंबी, काढायला नि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं फळाफुलांचं सामान आणायला तुम्हीच सड्याच्या कडेच्या रानात घुसता, तेव्हा नाही कोण विचारत काय ठेवलंय म्हणून!

खाली जांभा, वर बोटभर माती, तिच्यातला कस पाऊस धुऊन नेतो, म्हणून तिथली काही झाडं किडे खातात. सीतेची आसवं तुम्ही फोटोत बघितलीत, पण त्या जांभळ्या फुलाखाली चिखलात टाचणीच्या डोक्याएवढे फुगे असतात, पाण्यातला बारीक जीव नुसता शिवला की आत ओढला जातो.

गेल्या वर्षी चवथ झाली नि अर्ध्या सड्यावर जेसीबी आला. मी धावत गेले, काय बोलायचं ठरलेलं नव्हतं. ड्रायव्हर परप्रांतीय पोरगा, म्हणाला, "मॅडम, कुछ खो गया क्या?" मी त्याला ड्रोसेरा, तसंच किडे खाणारं दुसरं झाड, दाखवला, लाल केसांवर चिकट थेंब नि त्यात अडकलेलं चिलट, पाय अजून हलत होते. तो उकिडवा बसून बघत राहिला, फोटो काढला, बायकोला पाठवला, तिचा लगेच फोन आला तर हसत हसत तिला सगळं समजावून सांगितलं, माझ्यापेक्षा बरं. मग वर चढला आणि ते सगळं खरवडून टाकलं. जाताना नमस्कारही केला.

लोकांना दाखवलं की लोक राखतात, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. याने तर बघितलं, आवडलंही. मग? त्याच्या हातात काय होतं म्हणा, दाखवायचं तर मालकाला, तो मुंबईला. पण मालकाला आवडलं असतं तरी त्याने प्लॉट सोडले असते? माहीत नाही. कधी वाटतं शाळेची पोरं न्यावीत, कधी वाटतं कोणाला पत्ताच लागू नये.

उरलेल्या अर्ध्यावर अजून जाते. यायचं तर तीनला या, चपला काढून चाला आणि लोकेशन टाकू नका.