कॉम्बी बॉयलरवर मिक्सर शॉवर बसवताना: माझा अनुभव

इंग्लंडमध्ये रेडिंगला आम्ही जुनं टेरेस घर (म्हणजे भिंतीला भिंत लागून ओळीतलं घर) घेतलं त्यात बाथटबवर 8.5 किलोवॉटचा इलेक्ट्रिक शॉवर होता. उन्हाळ्यात चालायचा ठीकठाक, पण जानेवारीत धार एवढी बारीक की डोक्यातला शाम्पू निघता निघायचा नाही. खाली किचनमध्ये 24 किलोवॉटचा गॅसचा कॉम्बी बॉयलर आयता असताना वर विजेवर पाणी कशाला तापवायचं, हे मला काही पटेना, म्हणून ठरवलं की तो काढायचा आणि थेट मेन्सच्या, म्हणजे रस्त्यावरच्या लाइनच्या, प्रेशरवर चालणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर लावायचा, जो गार-गरम पाणी मिसळून आपण ठरवलेलं टेम्परेचर राखतो.

भारतातून नवीन आलेल्यांसाठी आधी हे सांगतो. आपल्याकडे गच्चीवर टाकी असते, गिझरमध्ये पाणी तापून साठलेलं असतं. कॉम्बीत साठवण जवळजवळ नसतेच, नळ उघडला की पाणी वाहता वाहताच तापतं आणि प्रेशर येतं ते सरळ रस्त्यावरच्या लाइनचं. त्यामुळे गार आणि गरम दोन्ही बाजूंना साधारण सारखंच प्रेशर मिळतं, मिक्सरला तेच हवं असतं, आणि पंपाची भानगड नाही. मेन्सवर शॉवरचा पंप लावायचाही नसतो.

मात्र शॉवर पसंत करायच्या आधी हिशोब करा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मिनिटाला 1 लिटर पाणी 35 डिग्रीने तापवायला साधारण 2.4 किलोवॉट लागतात. म्हणजे 24 किलोवॉटवर मिनिटाला जेमतेम 10 लिटर, आणि आमच्या जुन्या 8.5 वाल्यावर साडेतीन, बारीक धारेचं कारण एवढंच. थंडीत नळाला पाणी येतं 5-6 डिग्रीचं आणि अंघोळीला हवं 38-40 चं, त्यामुळे हा आकडा थंडीसाठी बरोबर बसतो, उन्हाळ्यात येणारं पाणीच कोमट असतं म्हणून धार आपोआप वाढते. बॉयलरवर टेम्परेचर वाढवून ठेवलं तर शॉवर जास्त मिळेल असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं होत नाही, बॉयलर फुल ताकदीने चालला की उष्णता तेवढीच, मग ती कमी पाण्यात घाला नाहीतर जास्त पाण्यात.

दुसरी मर्यादा लाइनची. घरातले बाकीचे नळ बंद करून किचनच्या नळाखाली बादली लावली आणि एक मिनिट मोजलं, 14 लिटर भरलं. म्हणजे आमच्याकडे थंडीत अडणार तो बॉयलर, लाइन नाही. दुकानात तो छतातून पावसासारखा पडणारा मोठा गोल शॉवर फार सुंदर दिसतो, बायकोला तोच आवडला होता, पण त्याला लागणारं पाणी आमचा बॉयलर हिवाळ्यात देऊच शकत नव्हता. साधा हँडसेट (हातात धरायचा शॉवर) घेतला, त्यात तेच 10 लिटर छान जोरात लागतं.

कामाला आधी इलेक्ट्रिशियन आला, त्याने जुन्या शॉवरची केबल बोर्डापासून तोडून सेफ केली. इथे बाथरूमच्या विजेत आपण हात घालू नये आणि बॉयलरच्या गॅसच्या भागाला तर गॅस सेफवाल्याशिवाय (गॅसच्या कामासाठी नोंदणी झालेल्या माणसाशिवाय) कोणी हात लावायचाच नाही. मग प्लंबरने सिंकखालचा स्टॉपकॉक (घराच्या पाण्याचा मुख्य कॉक) बंद केला, सगळ्यात खालचा नळ उघडून लाइन रिकामी केली आणि 15 मिमीचे दोन तांब्याचे पाइप भिंतीतून वर नेले. बार मिक्सरसाठी (आमचा भिंतीवरचा आडव्या दांडीसारखा मिक्सर) पाइपांच्या दोन तोंडांमध्ये 150 मिमी अंतर लागतं, गरम डावीकडे, गार उजवीकडे. टाइल लावायच्या आधी त्याने लेव्हल लावून ती दोन तोंडं परत परत तपासली, कारण टाइल बसल्यावर तिथे काहीच हलत नाही. दोन्ही लाइनला आयसोलेशन व्हॉल्व्ह (तेवढीच लाइन बंद करायचे कॉक) टाकून घेतले, पुढे मिक्सर दुरुस्त करायचा तर अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागत नाही.

मिक्सर चढवण्याआधी त्याने दोन्ही पाइप बादलीत मोकळे सोडले. काळपट पाणी, तांब्याचा बारीक चुरा, फ्लक्सचे (पाइप जोडताना लावायच्या पेस्टचे) तुकडे, हे सगळं नाहीतर मिक्सरच्या जाळीत जाऊन अडकलं असतं! हँडसेटच्या होजला रेलवर एक कडी लावली, तिच्यामुळे शॉवर टबातल्या पाण्यात बुडत नाही. हे शोभेला नाही, टबातलं मळकं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ नये म्हणून इथल्या 1999 च्या पाण्याच्या नियमांत त्याची काळजी घेतलेली आहे.

शेवटी टेस्ट. शॉवर 38 वर चालू ठेवून गारचा व्हॉल्व्ह बंद केला, तर दोन-तीन सेकंदांत शॉवर आपोआप थांबला. लहान मूल आणि वयस्कर आई-बाबा असलेल्या घरात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, निव्वळ गरम पाणी अंगावर येतच नाही. खाली कोणी नळ सोडला तर धार कमी होते पण चटका बसत नाही.

रेडिंगचं पाणी जड आहे, शॉवरच्या भोकांत पांढरा थर धरतो. अधूनमधून हँडसेट व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो, आणि बॉयलरच्या सर्व्हिसला माणूस येतो तेव्हा गरम पाण्याचा फ्लो मोजायला सांगतो, आत हीट एक्सचेंजरला क्षार चढायला लागला की सगळ्यात आधी तिथेच कळतं.